बिरसीची धावपट्टी आणि न आलेले बॉम्बर

गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसी विमानतळावर काही नवे सुरू झाले की भाषणांत एक वाक्य हमखास ऐकू येते : जपानी बॉम्बरांच्या भीतीने इंग्रजांनी ही धावपट्टी बांधली. या गोष्टीचा मला आता राग येतो. तिच्या आड बिरसीची खरी गोष्ट झाकली जाते.

धावपट्टी 1940ची आणि जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला डिसेंबर 1941मध्ये. त्या काळचा जपानचा हलका बॉम्बर कावासाकी की-32 घ्या : त्याचे उत्पादन तर 1940मध्येच थांबले होते. 1937मध्ये पहिल्यांदा उडालेले हे एका इंजिनाचे, दोघांच्या बैठकीचे विमान. त्याचा पल्ला फार तर 1,960 किलोमीटर. ब्रह्मदेशातल्या रंगूनपासून गोंदिया हे हवाई अंतरच सतराशेच्या वर, म्हणजे असे आलेले विमान परत जाऊ शकले नसते. भीती आली ती नंतर, आणि ती मात्र खरी होती. 6 एप्रिल 1942 रोजी विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले, पण ते विमानवाहू जहाजावरून आलेल्या विमानांनी टाकले.

युद्ध संपले आणि पुढची साठेक वर्षे धावपट्टीवर सांगण्यासारखे फारसे घडले नाही. बांधकाम खात्याकडून ती 1998मध्ये औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली, 2005मध्ये विमानतळ प्राधिकरणाकडे. कागद फिरत राहिले.

माझ्या मनात ठाण मांडून बसले आहे ते 2008नंतरचे दशक. वैमानिक प्रशिक्षण संस्था आली आणि कामठा, परसवाडा, झिलमिलीच्या आभाळात दिवसभर छोटी डायमंड विमाने घिरट्या घालू लागली. धानाच्या बांध्यांत रोवणी चाललेली असायची, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या घेतलेल्या बाया मान वर करून बघायच्या. कुठून कुठून आलेली पोरे आमच्या आभाळात उडायला शिकत होती, याचा मला अभिमान वाटे. आमच्या जिल्ह्यातली किती पोरे त्या कॉकपिटमध्ये बसली, हे मात्र भाषणात कधी कुणी सांगितले नाही. शिकण्याचा खर्च लाखांत आणि इथले घर धानावर चालणारे. उत्तर सगळ्यांना माहीत होते. एप्रिल 2017मध्ये त्यातले एक विमान वैनगंगेत कोसळून प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी दोघेही गेले. ती बातमी आजही आठवली की गळा दाटून येतो. त्यानंतर विमानाचा आवाज आला की बाया फक्त बघत नसत, विमान पुढे निघून जाईपर्यंत बघत राहत.

याच आभाळात सारसही आहे. महाराष्ट्रात हा पक्षी टिकून आहे तो मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, आणि परसवाडा-झिलमिलीचे तलाव ही त्याची जुनी ठिकाणे. आता तो मोजकाच उरला आहे. शेतातली कीटकनाशके, उच्चदाबाच्या विजेच्या तारा, बुजत चाललेल्या पाणथळ जागा अशी कारणे अहवालांत लिहून झाली आहेत. तारा आहेत तिथेच आहेत.

मार्च 2022मध्ये प्रवासी विमान उतरले तेव्हा ढोल वाजले. ती सेवा टिकली नाही. डिसेंबर 2023मध्ये पुन्हा दुसरी सुरू झाली. विमाने यावीत, मला हवीच आहेत. नागपूर गाठायला लागणारा वेळ ज्याने आजारी माणसाला घेऊन मोजला आहे, तो विमानतळाला नाही म्हणणार नाही. पण विस्तारासाठी ज्यांनी जमिनी दिल्या, त्या बिरसीच्या कुटुंबांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे फायलींतच राहिले. टर्मिनलच्या काचेला वेळ मिळाला, निधी मिळाला. त्यांच्या घरांना तारखा मिळाल्या. पुढच्या समारंभात इतिहास सांगायचाच असेल तर तो त्यांच्या सातबाऱ्यापासून सांगा, आणि व्यासपीठावर पहिल्या रांगेत त्या कुटुंबांना बसवा.