अ‍ॅक्सिलरेटर अडकतो तेव्हा दोष कोणाचा?

मोटारगाडी अचानक सुसाट सुटून अपघात झाला की आपल्याकडील बातम्यांमध्ये ठरलेले दोन वाक्प्रयोग येतात. एक, ‘ब्रेक निकामी झाले’ आणि दुसरा, ‘चालकाचा ताबा सुटला’. पहिल्यात दोष यंत्राचा, दुसऱ्यात माणसाचा. प्रत्यक्षात चालकाने वेग मागितलेला नसताना गाडी वेग घेते, तेव्हा त्यामागे पायाखालच्या मॅटपासून पेडलमधील झिजलेल्या भागापर्यंत, आणि चुकून दुसऱ्याच पेडलवर पडलेल्या पायापासून संगणकीय प्रणालीविषयीच्या संशयापर्यंत अनेक कारणे असू शकतात. कारण नेमके कोणते, हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही. टोयोटा या जगातील अग्रगण्य कंपनीला २००९ ते २०१४ या काळात अमेरिकेत ज्या प्रकरणाला सामोरे जावे लागले, ते या दृष्टीने पुन्हा समजून घेण्यासारखे आहे.

एका मॅटने घेतलेले बळी

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहराजवळ लेक्सस ईएस ३५० ही गाडी भरधाव जात होती. लेक्सस हा टोयोटाचाच आलिशान गाड्यांचा ब्रँड. गाडी चालवणारे गृहस्थ महामार्ग पोलीस दलातील अनुभवी अधिकारी होते आणि सोबत त्यांचे कुटुंबीय होते. गाडीचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे गेला होता. अ‍ॅक्सिलरेटर अडकला आहे, ब्रेक लागत नाहीत, असे गाडीतील एकाने आपत्कालीन क्रमांकावर फोन करून सांगितले. काही क्षणांतच गाडी रस्ता जेथे संपतो त्या चौकात दुसऱ्या गाडीवर आदळली आणि पुढे जाऊन पेटली. चौघांचाही मृत्यू झाला.

स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला दिल्यामुळे विक्रेत्याने त्यांना ही गाडी तात्पुरती वापरायला दिली होती. तिच्यात चालकाच्या पायाखाली घातलेली जाड रबरी मॅट त्या गाडीची नव्हतीच. ती लेक्ससच्या दुसऱ्या, मोठ्या मॉडेलसाठी बनवलेली होती आणि तिच्या कडेखाली अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल अडकले, असा निष्कर्ष तपासात निघाला. त्याहून अस्वस्थ करणारी बाब म्हणजे काही दिवसांपूर्वी हीच गाडी वापरणाऱ्या दुसऱ्या एका ग्राहकालाही असाच अनुभव आला होता. त्याने प्रयत्नांती गाडी थांबवली आणि ती परत करताना विक्रेत्याकडे तोंडी सांगितलेही. ती माहिती योग्य माणसापर्यंत पोहोचली नाही.

बटणाने सुरू होणाऱ्या या गाडीचे इंजिन चालत्या स्थितीत बंद करायचे असेल, तर ते बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावे लागे. घाबरलेला माणूस बटण भराभर दाबतो, तीन सेकंद धरून ठेवत नाही. अपघातग्रस्त गाडीचे ब्रेक अतिउष्णतेने जळाल्याचेही आढळले. म्हणजे चालकाने ब्रेक दाबले होते, पण पूर्ण शक्तीने धावणाऱ्या इंजिनापुढे ते तोकडे पडले.

सप्टेंबर २००९ च्या अखेरीस टोयोटाने अमेरिकेतील सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाच्या बाजूची मॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला. प्रश्न मॅटचा होता आणि तो सुटला, असा या टप्प्यावर सर्वसाधारण समज झाला.

पेडल चिकटते कसे?

हा समज फार काळ टिकला नाही. २१ जानेवारी २०१० रोजी कंपनीने आणखी सुमारे २३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. या वेळी कारण वेगळे होते. मॅट नसतानाही पेडल दाबलेल्या स्थितीतच राहण्याची किंवा सावकाश वर येण्याची शक्यता होती.

हे समजण्यासाठी पेडलची रचना पाहावी लागेल. जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर आणि इंजिन यांना धातूची केबल जोडत असे. पाय दाबला की केबल ओढली जाई आणि इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, उघडत असे. आताच्या गाड्यांत ही केबल नाही. पेडल किती दाबले गेले हे सेन्सर मोजतात, तो संदेश विजेच्या तारेने गाडीतील संगणकाकडे जातो आणि संगणकाच्या आज्ञेने छोटी मोटर थ्रॉटल उघडते. एक सेन्सर बिघडला तर चूक लक्षात यावी म्हणून सेन्सर दोन असतात. दोघांच्या मोजमापात तफावत आढळली की संगणक इंजिनाची शक्ती मर्यादित करतो.

केबल गेल्यामुळे एक अडचण निर्माण झाली. केबलच्या घर्षणामुळे पायाला जो हलका विरोध जाणवत असे, तो नाहीसा झाला. असा विरोध नसेल तर पाय एका जागी स्थिर ठेवणे अवघड जाते. म्हणून पेडलच्या आतच मुद्दाम थोडे घर्षण निर्माण करणारा भाग बसवण्यात आला. टोयोटाला अमेरिकेतील सीटीएस कंपनीने पुरवलेल्या पेडलमध्ये हा भाग झिजल्यावर आणि त्यावर दमटपणा साचल्यावर घर्षण प्रमाणाबाहेर वाढत असे. पाय उचलला तरी पेडल चटकन वर येत नसे. उपाय म्हणून त्यात पोलादाचा एक लहानसा तुकडा बसवण्यात आला. त्यामुळे आतील पृष्ठभागांमध्ये अंतर राहून घर्षण कमी झाले.

२६ जानेवारी रोजी टोयोटाने अमेरिकेत आठ मॉडेलची विक्री थांबवली. २४ फेब्रुवारी २०१० रोजी कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. कंपनी फार वेगाने वाढली आणि त्या घाईत सुरक्षिततेचा अग्रक्रम विस्कळीत झाला, अशी कबुली देऊन त्यांनी क्षमा मागितली.

खरा गुन्हा विलंबाचा

यंत्रात दोष निघणे हा स्वतःच गुन्हा नव्हे. लाखो सुट्या भागांत एखादा कमअस्सल निघू शकतो. मात्र टोयोटाला पेडल चिकटण्याची माहिती आधीपासून होती. युरोपातील गाड्यांसाठी २००९ मध्येच सुधारित पेडल वापरण्याचा निर्णय झाला होता आणि तेथील वितरकांना दुरुस्तीच्या सूचनाही गेल्या होत्या. त्याच काळात अमेरिकेत मात्र ‘मूळ कारणावर उपाय झाला आहे’ असे ग्राहकांना सांगितले जात होते. इतकेच नव्हे, तर तेथील पेडलमध्ये ठरलेला बदलही बोभाटा होऊ नये म्हणून रद्द करण्यात आला.

दोष वेळेत न कळवल्याबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१० मध्ये कंपनीला १ कोटी ६४ लाख डॉलरचा दंड केला. तेव्हाच्या कायद्यानुसार एका प्रकरणात यापेक्षा अधिक दंड करताच येत नव्हता. गाड्यांची किंमत घसरल्याबद्दल मालकांनी केलेला सामूहिक दावा मिटवण्यासाठी कंपनीने डिसेंबर २०१२ मध्ये एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाची तडजोड मान्य केली. अखेर मार्च २०१४ मध्ये, ग्राहकांची दिशाभूल केल्याचे कबूल करून तिने फौजदारी खटला टाळण्याच्या करारापोटी १ अब्ज २० कोटी डॉलर भरले. तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी हा करार जाहीर केला.

संगणकावरील संशय

मॅट आणि पेडल या दोन कारणांनी सर्व तक्रारींचा उलगडा होत नव्हता. त्यामुळे दोष संगणकीय प्रणालीत असावा, असा संशय बळावला. तो तपासण्याचे काम थेट ‘नासा’च्या अभियंत्यांकडे सोपवण्यात आले. त्यांनी सुमारे दहा महिने थ्रॉटल प्रणाली तपासली, सुमारे २ लाख ८० हजार ओळींचा सॉफ्टवेअर कोड पडताळला, गाड्यांवर विद्युतचुंबकीय लहरींचा मारा करून पाहिला. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल जाहीर झाला. धोकादायक वेगवाढीस कारणीभूत ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही, असे वाहतूकमंत्री रे लाहूड यांनी ठामपणे सांगितले. नासाचे अभियंते मात्र जपून बोलले. दोष सापडला नाही म्हणजे तो असणे अशक्य आहे असे सिद्ध होत नाही, हे त्यांनी नोंदवून ठेवले.

पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमा राज्यात २००५ च्या टोयोटा कॅमरी गाडीबाबतचा खटला उभा राहिला. वादींच्या बाजूने साक्ष देणाऱ्या सॉफ्टवेअर तज्ज्ञाने या गाडीच्या कोडमधील अनेक उणिवा दाखवल्या. ज्युरीने निकाल कंपनीच्या विरोधात दिला आणि ३० लाख डॉलरची भरपाई ठरवली. त्यानंतर उभयपक्षी तडजोड झाली. सरकारी तपासात न सापडलेला दोष न्यायालयात एका ज्युरीला पटला, अशी ही विसंगत स्थिती आहे आणि ती तशीच स्वीकारावी लागते.

पाय चुकतो तेव्हा

सुरक्षा प्रशासनाने अपघातग्रस्त टोयोटा गाड्यांतील ‘ब्लॅक बॉक्स’ तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रकरणांत ब्रेक दाबलेच गेले नव्हते असे दिसले. म्हणजे ब्रेक समजून चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला असण्याची शक्यता मोठी होती. अशा वेळी गाडी थांबत नाही म्हणून माणूस पाय अधिक जोराने दाबतो आणि वेग आणखी वाढतो. आपण ब्रेकच दाबत होतो, असे तो नंतर प्रामाणिकपणे सांगतो.

हे पूर्वीही घडले होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल अशाच तक्रारी आल्या. १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवर गाजलेल्या कार्यक्रमानंतर गाडीची बदनामी झाली. १९८५ मध्ये वर्षाला सुमारे ७४ हजार गाड्या विकणारी ऑडी १९९१ मध्ये सुमारे १२ हजारांवर आली. १९८९ च्या सरकारी अभ्यासाने बहुतांश प्रकरणांत पाय चुकीच्या पेडलवर पडल्याचा निष्कर्ष काढला. तरीही ऑडीने केवळ चालकांकडे बोट दाखवले नाही. ब्रेक दाबल्याशिवाय ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पार्क’मधून हलणार नाही, अशी सोय तिने केली. आज ती ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये सर्रास आढळते.

जपाननेही हाच मार्ग धरला आहे. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीने एका महिलेचा आणि तिच्या चिमुकल्या मुलीचा जीव घेतला. गाडीत बिघाड होता, हा चालकाचा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत, समोर अडथळा असताना चुकून दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर रोखणारी यंत्रणा बंधनकारक करण्याचे तेथील सरकारने ठरवले आहे.

आपल्यासाठी धडा

आपल्या शहरांत क्लच नसलेल्या गाड्यांची संख्या झपाट्याने वाढत आहे. क्लचच्या गाडीत संकटकाळी डावा पाय आपोआप क्लचवर जातो आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्यांत ही सोय नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बेस्टच्या इलेक्ट्रिक बसने अनेकांचे बळी घेतले, तेव्हाही ब्रेकच्या बिघाडाबरोबरच, क्लच नसलेली बस चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण चालकाला मिळाले होते का, हा प्रश्न तपासात पुढे आला.

कायद्याच्या आघाडीवर, २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. तक्रारींची संख्या हा त्यासाठीचा एक निकष आहे. त्यामुळे पेडल जड लागणे किंवा सावकाश वर येणे अशी तक्रार सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी न सांगता जॉबकार्डवर लिहून घ्यावी. सॅन दिएगोच्या त्या आधीच्या ग्राहकाची तोंडी तक्रार कोठे विरली, हे ध्यानात ठेवावे.

हे लक्षात ठेवा

- चालकाच्या बाजूला एकच मॅट घाला. कंपनीच्या मॅटवर बाजारातील दुसरी मॅट टाकू नका. मॅटचे हूक लावलेले असावेत.
- पाण्याची बाटली, चप्पल, पिशवी चालकाच्या पायांजवळ ठेवू नका.
- ऑटोमॅटिक गाडीत दोन्ही पेडलांसाठी उजवाच पाय वापरा.
- गाडी अनपेक्षितपणे वेग घेऊ लागली तर आधी पाय पूर्ण उचला आणि ब्रेकवर नेऊन जोराने दाबून धरा. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नका. पेट्रोल गाडीत थ्रॉटल पूर्ण उघडा असताना ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात दाब नव्याने तयार होत नाही, आणि प्रत्येक दाबेसरशी शिल्लक साठा संपत जातो.
- लगेच गिअर ‘न्यूट्रल’मध्ये टाका. क्लच असल्यास तो दाबा. इंजिन ओरडेल, पण चाकांना शक्ती मिळणार नाही.
- गाडी थांबल्यावरच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत किल्ली पूर्ण फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. बटणाच्या गाडीत इंजिन आणीबाणीत कसे बंद होते, हे माहितीपुस्तिकेत आजच पाहून ठेवा.

‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी नियतकालिकाने त्या काळात एका कॅमरीवर चाचणी घेतली होती. ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवून ब्रेक जोरात लावला, तेव्हा गाडी थांबायला नेहमीपेक्षा सुमारे पाच मीटरच अंतर अधिक लागले. ब्रेक पहिल्याच क्षणी, पूर्ण ताकदीने दाबले तर ते सहसा इंजिनावर मात करतात. न्यूट्रलचा गिअर आणि बंद करण्याचे बटण कोठे आहे, हे मात्र प्रत्येक चालकाने गाडी उभी असतानाच हाताला सवय करून घेतलेले बरे.