विश्लेषण : हजारो फायलींतून एक शब्द शोधणारी ‘ग्रेप’ आज्ञा काय आहे? मराठीत तिला काय अडते?

एका फोल्डरमध्ये शेकडो मजकूर-फायली आहेत आणि एखादे नाव नेमके कोणत्या ओळीत आले आहे, ते हवे आहे. एकेक फाइल उघडण्याऐवजी संगणकाला एका ओळीची आज्ञा दिली की हे काम काही क्षणांत होते. ‘ग्रेप’ ही ती आज्ञा. पन्नास वर्षांनंतरही ती रोजच्या वापरात आहे. मात्र मराठी मजकुरात तिला काहीच सापडले नाही, तर तो शब्द तिथे नाहीच असे मानावे का?

ग्रेप आली कुठून?

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये ‘युनिक्स’ प्रणाली घडवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी ती लिहिली. १९७३ मधील युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ती होती. त्यांचे सहकारी ली मॅकमहॉन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ तपासायचे होते. अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेले हे ८५ लेख. त्यांपैकी काहींचे लेखक हॅमिल्टन की मॅडिसन, असा वाद होता. शब्दांच्या वापरावरून लेखक ओळखायचा, तर सारा मजकूर चाळणे भाग होते. पण तो ‘ईडी’ या तेव्हाच्या संपादन-प्रोग्रॅममध्ये मावत नव्हता. म्हणून थॉम्पसन यांनी त्यातील शोधाचा भाग वेगळा काढला. ‘सर्व ओळींत हा नमुना शोध आणि छाप’ यासाठी ‘ईडी’मध्ये वापरल्या जाणाऱ्या जी, आरई, पी या अक्षरांवरून ‘ग्रेप’ हे नाव पडले.

ती चालते कशी?

आधी आज्ञेचे नाव, मग शोधायचा शब्द, शेवटी फाइलचे नाव. ग्रेप मजकूर ओळीओळीने वाचते आणि शब्द असलेली ओळ पडद्यावर दाखवते. आज्ञेला उणे चिन्हासह एखादे अक्षर जोडले की काम बदलते. ‘एन’ने ओळीचा क्रमांक मिळतो, ‘आर’ने फोल्डरच्या आतील फोल्डरही तपासले जातात, ‘व्ही’ने तो शब्द नसलेल्या ओळी दिसतात. ‘सी’ने मोजणी होते, पण ती ओळींची. एका ओळीत शब्द तीनदा आला तरी मोजणी एकच. शब्दाऐवजी नमुनाही देता येतो : कॅरेट चिन्ह म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर चिन्ह म्हणजे शेवट.

मराठीत अडचण काय?

ग्रेप अर्थ जाणत नाही, अक्षरांचा क्रम जुळवते. ‘पुणे’ शोधले तर ‘पुणेकर’ सापडतो, पण ‘पुण्यात’ निसटतो, कारण सामान्यरूपात शब्द बदलतो. केवळ ‘पुण’ शोधले तर दोन्ही मिळतात, सोबत ‘पुण्यतिथी’ आणि ‘निपुण’ही येतात.

दुसरी अडचण टंकलेखनाची. ‘दुसऱ्या’ शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना शब्द सारखा दिसतो, पण आतले संकेत वेगळे असल्याने ग्रेपला तो सापडत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुन्या फायलींत तर अडचण आणखी मोठी. तिथे देवनागरी फक्त दिसते, आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. अशा फायली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात. स्कॅन केलेले पान म्हणजे चित्रच. त्यात शोधण्यासारखा मजकूरच नसतो.

मग भरवसा किती ठेवावा?

जुन्या नोंदींत कुणाचे नाव, गाव वा तारीख शोधताना हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ग्रेपला सापडले म्हणजे ते तिथे आहे. सापडले नाही म्हणजे तिथे नाही, असे मात्र नव्हे. त्यासाठी सोपी खबरदारी : फाइलमध्ये नक्की असलेला एखादा शब्द आधी शोधून पाहावा. तो मिळाला नाही, तर दोष फाइलच्या संकेतांचा. मिळाला, तर हव्या शब्दाची दोन-तीन रूपे आणि पर्यायी लेखने शोधावीत.

फोनवर चालते का?

अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ ॲपमध्ये ग्रेप वापरता येते. मॅक आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ती असतेच, तर विंडोजमध्ये ‘फाइंडस्ट्र’ ही तशीच आज्ञा आहे. शोधासाठी इंटरनेट लागत नाही. त्यामुळे खासगी कागदपत्रांचा मजकूर आपल्या यंत्राबाहेर न पाठवताही तपासता येतो.