रसद तोडा! : प्रोस्टेट कॅन्सर आणि हार्मोन उपचारांच्या अफलातून गोष्टी

मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली जेमतेम 20 ग्रॅमची ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. तरुणपणी तिची आठवणही येत नाही. साठीनंतर मात्र रात्री दोन-तीनदा उठायला लावून ती स्वतःची ओळख करून देते. बहुतेकदा ती वयामुळे झालेली साधी वाढ असते, कॅन्सर नसतो. पण कॅन्सर झालाच, तर सुरुवातीला टेस्टोस्टेरॉनशिवाय त्याचं पान हलत नाही. गेली ऐंशीहून अधिक वर्षं डॉक्टर ही रसद तोडायच्या नव्या वाटा शोधताहेत आणि कॅन्सर नव्या पळवाटा. या लढाईतले किस्से एखाद्या रहस्यकथेपेक्षा कमी नाहीत.

कुत्र्यांमुळे मिळालेलं नोबेल

माणसाखेरीज ज्या मोजक्या प्राण्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आपोआप होतो, त्यात कुत्रा येतो. शिकागो विद्यापीठातले सर्जन चार्ल्स हगिन्स कुत्र्यांच्या प्रोस्टेटमधल्या स्रावाचा अभ्यास करत होते. काही म्हाताऱ्या कुत्र्यांना तिथे गाठी असायच्या. वृषणं काढली की त्या आक्रसतात, हे हगिन्स यांनी हेरलं. 1941 साली क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासोबत त्यांनी माणसांवरचे निष्कर्ष छापले. कॅन्सर हाडांत पसरलेल्या रुग्णांची वृषणं काढल्यावर किंवा त्यांना इस्ट्रोजेन दिल्यावर रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज खाली आलं आणि अनेकांच्या वेदना शमल्या. कॅन्सरची पेशी कुणाचंच ऐकत नाही, या समजुतीला मोठा तडा गेला. 1966 साली हगिन्स यांना नोबेल मिळालं. सोबतचे मानकरी होते पेटन राउस. कोंबड्यांच्या गाठींमागचा विषाणू त्यांनी 1911 मध्ये शोधला होता आणि नोबेल हाती पडलं तेव्हा ते 87 वर्षांचे होते!

वृषणं काढण्याची ती छोटी शस्त्रक्रिया आजही होते. टेस्टोस्टेरॉन साधारण अर्ध्या दिवसात तळाला जातं आणि पुन्हापुन्हा इंजेक्शनचा खर्च करावा लागत नाही. मनाला ते जड जातं, हे खरंच आहे. पण ज्या घरांना इंजेक्शनं परवडत नाहीत, त्यांनी हा मार्ग कमी दर्जाचा मानू नये. टेस्टोस्टेरॉन खाली आणण्यात तो तसूभरही मागे नाही.

चालू करून बंद पाडणारं इंजेक्शन

हा माझा सर्वांत आवडता किस्सा. मेंदूतलं हायपोथॅलॅमस एक संदेश सोडतं, तो ऐकून पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम देते, मग टेस्टोस्टेरॉन तयार होतं. तो पहिला संदेश म्हणजे अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. ती शोधण्यासाठी अँड्र्यू शॅली यांनी कत्तलखान्यातून आणलेले डुकरांचे हायपोथॅलॅमस लाखाच्या घरात दळले. त्यांचे प्रतिस्पर्धी रॉजर गिलमाँ यांनी मेंढ्यांचे. 1971 मध्ये रचना उलगडली आणि 1977 मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. हा संदेश शरीरात साधारण तासा-दीड तासाच्या अंतराने, ठोक्याठोक्याने येतो. अर्न्स्ट नोबिल यांनी 1978 मध्ये माकडांवर दाखवून दिलं, की तोच संदेश सलग दिला तर पिट्युटरी गप्प होते. दारावरची बेल कुणी दाबूनच धरली की घरातले उठायचं सोडून देतात, तसं. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं याच तत्त्वावर चालतात. आधी बेल वाजते आणि टेस्टोस्टेरॉन आठवडा-दोन आठवडे उलट वाढतं, मग कोसळतं. हाडांत कॅन्सर असेल तर तेवढ्या काळात दुखणं उसळू शकतं, म्हणून सुरुवातीला बायकॅल्युटामाइडसारखी गोळी जोडीला देतात. डेगारेलिक्स हे इंजेक्शन आणि रेलुगोलिक्स ही गोळी मात्र बेलच तोडतात, त्यामुळे ती उसळी येत नाही.

आईचा वाटा

टेस्टोस्टेरॉनला ओळखून पेशीला कामाला लावणाऱ्या रिसेप्टरचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. म्हणजे ‘पुरुषी’ हार्मोनचा हुकूम पाळणारी यंत्रणा प्रत्येक मुलाला आईकडूनच मिळते.

डोमिनिकन गावातून औषधाच्या दुकानात

डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही मुलं जन्मताना मुलींसारखी दिसायची आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणं उमटायची. टेस्टोस्टेरॉनचं अधिक जहाल रूप, म्हणजे डीएचटी, बनवणारं एन्झाइम त्यांच्यात नीट चालत नव्हतं. 1974 मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ले यांनी ते जगापुढे मांडलं. या पुरुषांचं प्रोस्टेट छोटंच राहतं आणि टक्कलही पडत नाही. तेच एन्झाइम रोखणारं फिनास्टेराइड 1992 मध्ये प्रोस्टेटच्या साध्या वाढीसाठी आलं आणि पुढे केसांसाठीही. ही गोळी रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीत मोजतात ते रसायन, जवळपास निम्म्यावर आणते. केसांसाठी ती घेत असाल तर पीएसए तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा, नाहीतर रिपोर्ट उगाचच चांगला दिसेल.

आता पीएसए म्हणजे काय? ते मुळात कॅन्सरचं रसायन नाहीच. वीर्य बाहेर पडल्यावर घट्ट होतं, ते पातळ करणारं हे एन्झाइम. ग्रंथी वाढली, सुजली, तिथे जंतुसंसर्ग झाला तरी ते रक्तात वाढतं. म्हणून एका आकड्यावरून घाबरायचं नसतं आणि बिनधास्तही व्हायचं नसतं.

लिंबाचं आम्ल आणि जस्त

शरीरातल्या बहुतेक पेशी सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या सायट्रिक आम्लाचंच रूप, जाळून ऊर्जा मिळवतात. निरोगी प्रोस्टेट मात्र ते साठवतं आणि वीर्यात ओततं. हे जमतं जस्तामुळे. प्रोस्टेटच्या पेशी भरपूर जस्त धरून ठेवतात आणि ते जस्त सायट्रेट जाळणारं एन्झाइम रोखतं. कॅन्सर झाला की पेशी जस्त गमावतात आणि साठवायचं सायट्रेट स्वतःच खायला लागतात. खास प्रकारच्या एमआरआय तपासणीत सायट्रेटची ही घट दिसू शकते. आणखी एक खोडी अशी, की हा कॅन्सर सुरुवातीला साखरेवर फारसा तुटून पडत नाही. त्यामुळे साखरेवर आधारलेल्या नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये तो अनेकदा नीट दिसत नाही.

कोविडशी नातं

2005 मध्ये मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला आढळलं, की या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली असतात. त्यातल्या पहिल्या जनुकाचा स्विच टेस्टोस्टेरॉनच्या हाती असतो, म्हणून दुसरं, पेशी वाढवणारं जनुकही त्याच्याच तालावर नाचू लागतं. त्या पहिल्या जनुकाचं नाव टीएमपीआरएसएस2. कोरोना विषाणू पेशीत शिरताना याच जनुकापासून बनणारं एन्झाइम वापरतो! म्हणून प्रोस्टेटची हार्मोन औषधं कोविडवरही करून पाहिली गेली. नीट आखलेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही, पण विचाराची दिशा सुंदर होती.

गनिमी कावा

रसद तोडली तरी कॅन्सर अनेकदा काही वर्षांनी परततो. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी थोडा कच्चा माल पुरवतात आणि गाठ स्वतःही हार्मोन शिजवायला लागते. ते शिजवणं थांबवतं अबिराटेरोन, 2011 मध्ये मान्यता मिळालेलं औषध. ते उपाशीपोटी घ्यायचं असतं, कारण तेलकट-तुपकट जेवणासोबत ते रक्तात कितीतरी पट जास्त उतरतं. याचाच उपयोग करून शिकागोच्या डॉक्टरांनी एका छोट्या चाचणीत पाव मात्रा हलक्या नाश्त्यासोबत दिली. पीएसएवरचा परिणाम पूर्ण मात्रेइतकाच दिसला. महागड्या गोळीसाठी ही मोठी बातमी आहे, पण हा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही करू नये.

कधीकधी रिसेप्टर असा बदलतो, की त्याला रोखणारं औषधच तो खाऊ म्हणून वापरतो. 1990च्या दशकात डॉक्टरांना आढळलं, की फ्लुटामाइड हे असं औषध बंद केल्यावर काही रुग्णांचं पीएसए उतरतं. त्याहून चक्रावणारा प्रयोग जॉन्स हॉपकिन्समध्ये झाला. तिथे उपाशी राहायला सरावलेल्या कॅन्सरला टेस्टोस्टेरॉनचा एकदम भडिमार दिला आणि काहींची गाठ आकसली.

तुर्भ्याची भट्टी

प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं आणि हार्मोन तोडल्यावर ते अनेकदा आणखी वाढतं. त्याला जाऊन चिकटणारं आणि किरणोत्सर्गी ल्युटेशियम-177 सोबत नेणारं औषध अमेरिकेत 2022 मध्ये मान्य झालं. हे ल्युटेशियम मुंबईतल्या तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं आणि देशातल्या रुग्णालयांत पोचतं. त्याचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या आसपास, म्हणून पाठवायची घाई असते.

राजाच्या हाडांत

रशियातल्या तुवा प्रांतातल्या अर्झान इथल्या सुमारे 2,700 वर्षांपूर्वीच्या शक राजाच्या सांगाड्यात प्रोस्टेट कॅन्सर पसरल्याच्या खुणा सापडल्या. हा रोग आजच्या राहणीमानाचा शोध नव्हे.

शेवटी, कुटुंबासाठी

पुरुषांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं. त्यामुळे हार्मोन उपचारांत दोन्ही जातात आणि हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात, अंगातून गरम वाफा येतात, साखर आणि वजन वाढू शकतं. इंजेक्शन सुरू होतानाच हाडांची घनता, साखर आणि हृदयाची तपासणी मागून घ्या आणि झेपेल तसा वजन उचलण्याचा व्यायाम विचारून सुरू करा. आणि एक गोष्ट अगदी आवर्जून. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या दर आठ-नऊ रुग्णांत एकाला बीआरसीए2सारख्या जनुकातला वारशाने आलेला दोष आढळला. तो मुलींनाही मिळू शकतो आणि मग त्यांना स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. वडिलांचा कॅन्सर पसरलेला असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना जनुक तपासणीबद्दल विचारा. लेकींनी तर नक्कीच विचारावं.