दुपारी घरी कोण असते?

ठाण्याहून निघून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा करीत रस्ता राहनाळला येतो आणि तसाच पुढे अंजूरफाट्याकडे जातो. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, दोन्ही बाजूंना गोदामे, त्यांच्या तोंडाशी कंटेनरच्या रांगा आणि गोदामांच्या मागे चार मजली इमारती. अशाच एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, माझी धाकटी बहीण राहते. लिफ्ट नाही. मागे एकदा डिसेंबरात तिच्याकडे गेलो, तेव्हा अकरा वर्षांच्या भाचीने मला घरातही शिरू दिले नाही. जिन्यातच अडवून म्हणाली, "मामा, तू आईला सांग. तुझं ती ऐकते."

प्रकरण असे होते. गोदामाच्या मागे, लाकडी फळ्यांच्या ढिगाआड एक कुत्री व्यायली होती. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्ले बहुधा याच दिवसांत दिसतात. पावसाळा सरता सरता कुत्री माजावर येते, त्रेसष्ट दिवसांच्या आसपास विते आणि ऐन थंडीत पिल्ले वळवळू लागतात. पाच होती, त्यातली तीन उरली होती. दोन कंटेनरखाली गेली, हे भाचीने खाली बघत सांगितले. उरलेल्यांतल्या तांबूस पिल्लाचे नाव तिने गुळ्या ठेवले होते. नाव ठेवून झाले म्हणजे निम्मे पिल्लू घरात आलेच, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

रात्रीच्या जेवणानंतर घरात जणू सभाच भरली. भाऊजी अनुकूल होते. लहानपणी गावच्या वाड्यात कुत्रा होता, त्याच्या आठवणी त्यांनी रंगवून सांगितल्या. सासूबाईंचा विरोध नव्हता, फक्त "माझ्या गुडघ्यांच्यानं चार जिने होणार नाहीत" एवढे त्यांनी आधीच सांगून टाकले. भाचीने सगळे मी करीन म्हणून देवाची शपथ घेतली. बहीण भांडी आवरत होती. आवरून झाल्यावर ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "दादा, सगळ्यांचं ठरलं. मला कुणी विचारलं का?"

खरोखरच विचारले नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये ती काल्हेरच्या एका गोदामात पॅकिंगच्या कामाला लागली होती. लग्नानंतरची पहिली नोकरी, पहिला स्वतःचा पगार. सकाळी साडेआठला बाहेर, संध्याकाळी सातला घरी. भाऊजींची ठाण्याला पाळी, मुलगी शाळेत. मग दिवसभर पिल्लाचे कोण करणार? कुणी बोलून दाखवले नव्हते, पण उत्तर प्रत्येकाच्या मनात एकच होते.

कुत्रा आणायची योग्य वेळ कोणती, असा प्रश्न निघाला की आपण पंचांग बघावे तसा कॅलेंडरकडे बघतो. परीक्षा झाल्यावर आणू, दिवाळी झाल्यावर आणू. बहुतेकांचा कौल मे महिन्याला पडतो. मुलांना सुट्टी असते, सगळे घरी असतात. मला विचाराल तर मे महिना बहुधा चुकीचाच. दीड महिना पिल्लाला अष्टौप्रहर सोबतीची सवय लागते आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडली की एका सकाळी अख्खे घर रिकामे होते. बाहेर पाऊस, अंगावर गोचिडी, आणि बंद दाराआड ते एकटे. मग चपला फाटतात, शेजारी रडण्याची तक्रार करतात आणि "हे पिल्लूच वाईट निघालं" असा शिक्का बसतो.

दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास लघवी आवरते. दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला लागते. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी देत सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे काळ ठरणारे रोग. तेव्हा लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावरच्या घाणीत सोडता येत नाही. पण नेमक्या ह्याच दिवसांत त्याला जगाची ओळख व्हायला हवी असते. स्कॉट आणि फुलर या दोघा अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या वागण्यावर अनेक वर्षे काम करून १९६५ साली जे पुस्तक लिहिले, त्यात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ निर्णायक ठरवला आहे. या काळात माणसे, मुले, आवाज पाहिले नाहीत, तर कुत्रा पुढे जन्मभर बुजरा राहू शकतो. म्हणजे कुणीतरी त्याला कडेवर घेऊन हिंडले पाहिजे. कंटेनरचा हॉर्न, कुकरची शिट्टी, दाराशी आलेला पोस्टमन, सगळे दाखवायचे. राहनाळच्या रस्त्यावर हॉर्नची उणीव नाही. उणीव आहे ती कडेवर घेणाऱ्या माणसाची.

रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात. त्याआधीच मुले रस्त्यावरच्या पिल्लाशी खेळत असतात, म्हणून इथे थांबून एक सांगतो. दात किंवा नख लागले, तर "पिल्लूच आहे" म्हणून सोडू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कुणीच वाचत नाही.

दुसरा हिशेब वर्षांचा. कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो. दिवसातून दोन फेऱ्या धरल्या तरी बारा वर्षांच्या आठ हजार सातशे साठ फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरी चार जिन्यांची. भाचीची दहावी येईल तेव्हा कुत्रा चार वर्षांचा, ती कॉलेजसाठी बाहेरगावी गेली तर सहा-सात वर्षांचा आणि तो म्हातारा होऊन पायऱ्या चढेनासा होईल तेव्हा ती नोकरीला. भाऊजींच्या डोक्यात लॅब्राडोर होता. त्या जातीला खुब्याच्या सांध्याचे दुखणे पुष्कळदा असते. तीस किलोचा कुत्रा उचलून चौथ्या मजल्यावर कोण नेणार? जाहिराती बघून जात ठरवणाऱ्यांबद्दल तर बोलूच नये. २००३ मध्ये हचच्या मोबाईलच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालला आणि घरोघरी पग हवासा झाला. चपट्या नाकाच्या त्या जिवाला आपल्या उकाड्यात श्वास घेणे जड जाते, हे जाहिरातीत दिसले नव्हते.

मग गणपतीला कोकणात जाताना कुत्र्याचे काय, दिवाळीच्या फटाक्यांत त्याच्याजवळ कोण बसणार, हे प्रश्न आहेतच. सोसायटीची हरकत मात्र फारशी टिकत नाही. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगितले आहे.

शेवटी मी मामा म्हणून जो काही अधिकार असतो तो वापरला. म्हटले, महिनाभर कुत्र्याशिवाय कुत्रा पाळा. सकाळी सहाला आणि रात्री नऊला कुणीतरी खाली उतरून पंधरा मिनिटे चालून यायचे, दुपारी एकदा कुणीतरी घरी यायचे. पाळी कुणाची ते कॅलेंडरवर लिहायचे. पिल्ले तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची होती. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये असा २०१७ चा नियम आहे, आणि फुकटचे असले तरी आईपासून तोडण्याच्या बाबतीत तेच वय खरे. तेवढा वेळ हाताशी होताच.

महिन्याने फोन केला. भाचीच्या सकाळच्या तीसपैकी सव्वीस खुणा होत्या, मला धरून सगळे थक्क झाले. भाऊजींच्या रात्रीच्या अकरा. दुपारचा रकाना पूर्ण कोरा.

"मग मी नोकरी सोडू का?" बहिणीने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. भाऊजी बराच वेळ गप्प बसले आणि मग स्वतःच म्हणाले, "नको. आत्ता नको."

भाची दोन दिवस जेवली नाही. त्या काळात एक पिल्लू ट्रकखाली गेले, आणि ते आमच्यामुळे गेले असे ती मला फोनवर म्हणाली. मला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही. एक पिल्लू गोदामाच्या वॉचमनने आपल्याकडे ठेवून घेतले. गुळ्याला काल्हेरच्या एका निवृत्त गृहस्थांनी नेले. ते आणि त्यांची पत्नी दिवसभर घरीच असतात, घर तळमजल्यावर आहे. भाची महिन्यातून एकदा त्याला भेटून येते. पुढेमागे आणायचाच झाला तर पिल्लू न आणता दीड-दोन वर्षांचा, लसी झालेला, काही तास एकटा राहू शकणारा कुत्रा आणावा, असे आता घरात बोलले जाते.

पिल्लांच्या आईला एका संस्थेची गाडी घेऊन गेली. शस्त्रक्रिया झाली, रेबीजची लस दिली, कानाला खूण केली आणि नियमाप्रमाणे होती तिथेच आणून सोडली. भाची अजूनही सकाळी सहाला खाली उतरते, वाटीत कालची भाकरी आणि दूध घेऊन. साडेआठला बहीण कामाला निघते तेव्हा ती कुत्री जिन्याखालून उठते, गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत तिच्या बाजूने चालते आणि रिक्षा सुटली की परत फिरते.