सगळ्यात फुकट गेलेला पिक कोणता?

क्लीव्हलँडला ऑनसाइट आलात की पहिल्या वर्षात दोन गोष्टी शिकाव्याच लागतात. बर्फात रुतलेली गाडी काढणं आणि ब्राउन्सवर वाद घालणं. पहिली मला अजून जमत नाही. दुसरीत मात्र मी एक्स्पर्ट!

ब्राउन्स म्हणजे इथली अमेरिकन फुटबॉलची टीम. या खेळात दरवर्षी ड्राफ्ट होतो. थोडक्यात, कॅम्पस प्लेसमेंट, पण उलटं! आदल्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली, तिला कॉलेजच्या पोरांतून निवडायचा पहिला चान्स. ब्राउन्सना असे चान्स भरपूर मिळाले. तरीही २०१७ मध्ये त्यांनी १६ पैकी १६ मॅचेस हरून दाखवल्या.

मग आमच्याकडे दर शुक्रवारी रात्री तोच विषय : फर्स्ट राउंडमधला सगळ्यात वाईट पिक कोणता?

रूममेट कोल्हापूरचा, तालमींचं फुटबॉल बघत वाढलेला. त्याचं मत ठाम. जॉनी मॅन्झिएल, २०१४, बाविसावा नंबर. "कॉलेजचा सुपरस्टार रे, पण इथं लक्ष पार्ट्यांत!" आठ मॅचेसना सुरुवातीपासून खेळला, जिंकल्या दोन. मार्च २०१६ मध्ये नारळ.

ऑफिसमधले सीनियर ट्रेंट रिचर्डसनचं नाव घेतात. २०१२ मध्ये फक्त एक नंबर वर सरकून त्याला घ्यायला ब्राउन्सनी आणखी तीन पिक्स मोजले. दुसऱ्या सीझनच्या दोन मॅचेस झाल्या आणि त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं. बदल्यात मिळालेला पिक पुढे खर्च झाला मॅन्झिएलला घेण्यात! म्हणजे जुनी चूक विकून नवी विकत घेतली.

या यादीत टिम काउचही असतोच. १९९९ चा पहिला नंबर. त्याच्यानंतर लगेच निवडला गेलेला डोनोव्हन मॅकनॅब फिलाडेल्फियाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला, म्हणून काउच फ्लॉप! इथे मात्र माझं डोकं फिरतं. त्या वर्षी टीम शून्यातून उभी राहत होती. त्याला वाचवायला पुढे धड कुणी नाही. एका सीझनमध्ये ५६ वेळा तो बॉल हातात असतानाच आडवा झाला. तरी २००२ मध्ये टीम प्लेऑफला पोचली, आणि तेव्हा हा पाय मोडून बाहेर.

मी एवढा का तापतो, ते रूममेटला माहितेय. कॅम्पसमधून पहिल्याच दिवशी सिलेक्ट झालेला मी. कंपनीने दुसऱ्या आठवड्यात नाइट शिफ्टला एकट्याला बसवलं. सिस्टिम कोसळली, क्लायंट भडकला आणि अप्रेझलला सगळ्यात खालचं रेटिंग मला. 'चुकीचा पिक' हे मी कँटीनमध्ये स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"बरं, काउच माफ," परवा रूममेट म्हणाला. "पण मॅन्झिएल नाही."

मान्य. काही जण स्वतःच्या कर्मानेही जातात.

सोमवारी माझ्या टीममध्ये एक फ्रेशर येतोय. झोपायला जाताना रूममेट दारातून म्हणाला, "भावा, त्याला एकटा सोडू नकोस."