पारडा वाचला तर धंदा वाचला

खांब हे रोहे तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. पाऊस भरपूर, शेती भाताची, म्हणून पेंढ्याला तोटा नाही. तरीही गोठ्यात म्हशीला पारडा झाला की घरच्यांचे तोंड उतरते. दूध विकायचे असते, पारड्याला पोटभर मिळत नाही आणि तो थोड्याच दिवसांत मरतो. आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्यातला वीतभर तुकडासुद्धा आम्ही टाकून देत नाही. मग जिवंत माल असा का घालवावा?

आधी कायदा समजून घेऊ. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ च्या दुरुस्तीने वळू आणि बैल यांच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हैसवर्ग त्या बंदीत नाही. पण म्हैस आणि पारडू यांच्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणून मांसासाठी जनावर वाढवणाऱ्याने आता रेड्याचाच विचार करावा. दोन वर्षे पूर्ण झालेला निरोगी रेडा कुर्बानीलाही चालतो आणि त्यात सात हिस्से होतात.

नफ्याची सुरुवात पहिल्या दिवशी होते. जन्मल्यावर तासा-दोन तासांत पारड्याला चीक पाजावा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० किलोच्या पारड्याला ३ लिटर चीक मिळावा. आईच्या दुधातून जंत येतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांचा होताच डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्यावे. घटसर्प म्हशींना फार लवकर धरतो. त्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यावी. लाळ्या-खुरकूताची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळते. पाणथळ शेतातल्या गोगलगायींमुळे यकृतातले जंत होतात, तेव्हा अशा जागी चारू नये. गोठ्याची जमीन कोरडी ठेवावी आणि उन्हाळ्यात रेड्याला डुंबायला पाणी द्यावे.

नुसत्या पेंढ्याने अंग भरत नाही. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, दाबून हवाबंद झाकावा आणि २१ दिवसांनी उघडावा. वास उडाल्यावर थोडा थोडा सुरू करावा. सहा महिन्यांखालच्या पारड्याला हा पेंढा देऊ नये आणि युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नये, ते विष आहे.

आता विक्री. कापड आपण मापून घेतो, पण जनावर नजरेवर विकतो आणि तिथेच फसतो. फीत घ्या. छातीचा घेर इंचात मोजून त्याला घेरानेच गुणा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर वजन सुमारे २७३ किलो भरते. दर महिन्याला वहीत नोंद ठेवली की कोणता रेडा खाऊनही वाढत नाही ते कळते.

कागदपत्रांत हयगय नको. कानातला बारा अंकी बिल्ला, खरेदीची पावती आणि वाहतुकीआधी पशुवैद्यकाचा दाखला जवळ असावा. १९७८ च्या नियमांप्रमाणे एका मालगाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरे भरता येत नाहीत. रस्त्यात गाडी अडली तर तोंडी खुलाशाचा उपयोग होत नाही, कागदच कामी येतो. एका गाडीमागे दोन वर्षांची मेहनत पणाला लागलेली असते.

मुके जनावर ही अमानत आहे. त्याला उपाशी ठेवून कमावलेल्या पैशात बरकत नाही, आणि हिशेबाच्या वहीतही शेवटी तोटाच निघतो.