कानांनीं शिकावयाची भाषा

परभाषा शिकावयाची म्हटली कीं, प्रथम पुस्तक उघडण्याची आपल्याकडे रूढि आहे. कोरियन भाषेच्या बाबतींत केवळ हा मार्ग अपुरा पडतो. सेजोंग राजानें इ. स. १४४३ मध्यें सिद्ध करून १४४६ मध्यें प्रसृत केलेल्या हांगुल लिपींत आज १४ मूळ व्यंजनें व १० मूळ स्वर आहेत. ती थोड्या दिवसांत वाचतां येते. पण वाचलेलें बोलतां येतेंच असें नाहीं. 'हानगुक' म्हणजे कोरिया व 'माल' म्हणजे बोली. परंतु दोन्ही जोडतांच उच्चार 'हानगुङ्‌माल' असा होतो. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होतें, तसाच हा संधि. भेद इतकाच कीं, संस्कृतांत संधि लिहून दाखवितात. कोरियन लेखनांत मूळ अक्षरेंच राहतात व संधि कानालाच कळतो.

म्हणून इंटरनेटवरील ध्वनिपाठांचें मोल मोठें आहे. २००९ सालीं सुरू झालेल्या 'टॉक टू मी इन कोरियन' या पाठमालेंत निवेदक गप्पा मारीत एकेक प्रयोग इंग्रजींतून उलगडतात. मराठी श्रोत्याला वाक्यरचना परकी वाटत नाहीं. 'जिप' म्हणजे घर. 'जिबे गायो' म्हणजे 'घरीं जातों'. प्रत्यय नामामागून, क्रियापद शेवटीं. उच्चार मात्र कठिण. 'ताल' म्हणजे चंद्र, 'थाल' म्हणजे मुखवटा. आणि कंठ आवळून उच्चारलेला 'त्ताल' म्हणजे मुलगी. हा तिसरा वर्ण आपल्या वर्णमालेंत नाहीं.

खरी कसोटी आदराची आहे. मराठींत 'मी घरीं जातों' हें वाक्य मित्राला सांगा वा आजोबांना, क्रियापद बदलत नाहीं. कोरियनमध्यें मित्राला 'जिबे गा', इतरांना 'जिबे गायो', आणि औपचारिक प्रसंगीं 'जिबे गाम्निदा' म्हणावें लागतें. गप्पांतून सलगीचें रूप सहज उचललें जातें, आणि तेंच वडीलधाऱ्यांपुढें वापरल्यास उद्धटपणा ठरतो. यास्तव नवशिक्यानें 'यो' हें शेवट असलेलें रूपच आधीं जिभेवर घोळवावें.

ध्वनिपाठ चुका दुरुस्त करीत नाहीं, ही त्याची उणीव. एकच पाठ तीनदां ऐकावा: प्रथम नुसता, मग प्रत्येक वाक्यापाशीं थांबून मोठ्यानें म्हणत, शेवटीं निवेदकाच्या आधीं उत्तर देत. आपला आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशीं ताडून पाहावा. ऐकणारा कान आणि बोलणारी जीभ यांची जोडी जमल्यावांचून संभाषण साधत नाहीं.